आप्पा आणि संशयित नमुना

आप्पांच्या घरात कुठलीच गोष्ट सरळ आत जात नाही. दूध आलं की आधी ओट्यावर थांबतं, आप्पा पातेल्यात डोकावतात, मगच ते स्वयंपाकघरात जातं. भाजीची पिशवी पायरीवर रिकामी होते. पाहुणा आला तर तो एसटीनं आला की रेल्वेनं, वाटेत कुठे उतरला होता का, याची हसतखेळत चौकशी होते आणि तोवर पाहुणा उन्हात उभा असतो. जावई पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनाही अंगणात बराच वेळ ताटकळत ठेवलं होतं, असं काकू सांगतात. आप्पांचं म्हणणं, मी त्यांना फक्त गाडी कुठे लावायची ते दाखवत होतो. गेटच्या आत सिमेंटची एक उथळ कुंडी आहे. एके काळी तिच्यात पोटॅशचं जांभळं पाणी असायचं आणि येणाऱ्यानं त्यात पाय बुडवून यावं अशी अपेक्षा असायची. हल्ली काकूंनी तिच्यात माती घालून पुदिना लावलाय. आप्पा मात्र अजूनही घरात शिरताना तिच्यापाशी क्षणभर थबकतात.

आप्पा पशुसंवर्धन खात्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. नंदुरबारात आमच्या कॉलनीच्या टोकाला त्यांचं घर आहे. त्याच्या पुढे मोकळं रान आणि मिरचीच्या पथाऱ्या. आयुष्यभर गुरंढोरं, शेळ्या, कोंबड्या तपासत हिंडलेला हा माणूस निवृत्तीनंतर देवळाच्या ओट्यावर बसेल असा सगळ्यांचा अंदाज होता. पण तपासण्याची सवय पेन्शनीबरोबर सुटत नाही. ती आता कॉम्प्युटरवर चालते.

हे समजून घ्यायचं तर नवापूरला जावं लागेल, आणि तेही २००६ च्या फेब्रुवारीत.

नवापूरच्या पोल्ट्री शेडमध्ये तेव्हा कोंबड्या पटापट मरू लागल्या होत्या. जो तो सांगत होता, काही नाही, राणीखेत आहे. राणीखेत हा कोंबड्यांचा जुना, ओळखीचा, जवळजवळ घरचाच रोग. त्याचं नाव निघालं की मालकापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथून उत्तर आलं : बर्ड फ्लू, एच५एन१. देशातली ही पहिलीच नोंद. मग पांढरे झगे, गॉगल, मास्क घातलेली पथकं उतरली, खड्डे खणले गेले, चुना पडला आणि लाखो कोंबड्या जमिनीखाली गेल्या. आप्पा त्या पथकात होते. पुढे चौदा वर्षांनी अख्ख्या जगाला तसले झगे टीव्हीवर दिसले तेव्हा कॉलनीत न घाबरलेला माणूस एकच होता. त्यानं बाकीच्यांना हातमोजे काढायची पद्धत शिकवली.

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथल्या एका बाकाचंही एक टोक इकडे आणि दुसरं तिकडे. पलीकडच्या उच्छलमध्येही रोग निघाला. आप्पा सांगतात, "बाकावर रेघ मारली आहे भाऊ, पण कोंबडीला कुठे वाचता येतं?" मग ते थोडं थांबतात आणि खरं सांगायचं ते सांगतात. "सगळे राणीखेत म्हणत होते. भोपाळ एकटं वेगळं म्हणत होतं."

आप्पांचं सगळं तत्त्वज्ञान या दोन वाक्यांत आहे. दहा जण काही नाही म्हणत असतील आणि एक जण आहे म्हणत असेल, तर आप्पा त्या एकाच्या शेजारी जाऊन बसतात.

कॉम्प्युटर त्यांच्या आयुष्यात आला तो सक्तीनं. सरकारी नोकरांना एमएस-सीआयटी पास होणं भाग पडलं, नाहीतर वेतनवाढ अडकणार. क्लासमध्ये बाकीचे साहेब लोक माऊस धरायला शिकत होते, आप्पा मात्र व्हायरसच्या धड्याची वही भरत होते. लक्षणं, प्रसार, प्रतिबंध, उपचार : रकाने तेच, रोगी नवा. त्यात ऑफिसात पेनड्राइव्हचा जमाना सुरू झाला. मासिक अहवाल तालुक्याहून जिल्ह्याला पेनड्राइव्हवर जायचा आणि जिल्ह्याचा रोग घेऊन परत यायचा. 'न्यू फोल्डर' नावाचं एक पिवळं फोल्डर आपोआप उगवायचं. आत काय आहे म्हणून साहेब त्यावर दोनदा टिचकी मारायचे, आणि मुळात ते फोल्डर नसून प्रोग्रॅम असायचा, तो सगळ्या कॉम्प्युटरभर पसरायचा. ऑफिसात कुणाला हे समजेना. आप्पांना पहिल्याच दिवशी समजलं. बाहेरून धडधाकट दिसणारा पक्षी रोग वाहून नेतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी पेनड्राइव्हला लोंबता कागद बांधून त्यावर तो कुठल्या कुठल्या तालुक्यांत जाऊन आला त्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. धडगावहून आलेला पेनड्राइव्ह ते अक्कलकुव्याच्या पेनड्राइव्हशेजारी ठेवत नसत.

अशा घरात, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, नातवानं गेम डाउनलोड केला.

गेम होता जीटीए व्हाइस सिटी. तो २००२ साली निघाला, पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर आला. म्हणजे नातवापेक्षा वयानं मोठा. पण जुन्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो चालतो, त्यामुळे आपल्याकडे दोन पिढ्या त्यावर वाढल्या, आणि विकत घेऊन खेळलेला माणूस मात्र मला अजून भेटायचा आहे. शहाद्याच्या मित्रानं लिंक पाठवली, पोरानं रात्रभर मोबाईलच्या नेटवर फाइल उतरवली. सकाळी चहा घेता घेता आप्पांना डेस्कटॉपवर नवीन पक्षी बसलेला दिसला.

"कुणी दिला?"

"मित्रानं."

"त्याला कुणी दिला?"

"नेटवरून आप्पा. सगळ्यांकडे आहे. त्याच्याकडे मस्त चालतो."

"चालतो, तेच म्हणतो मी," आप्पा म्हणाले. "चालतो म्हणूनच पसरतो."

मग आप्पांनी असं काहीतरी केलं जे या देशात आजवर कुणीच केलं नसावं. गेमसोबत आलेली 'रीड मी' नावाची फाइल त्यांनी उघडून, चष्मा लावून, शब्दन्‌शब्द वाचली. तिच्यात पहिलीच सूचना होती : गेम टाकण्याआधी अँटीव्हायरस बंद करा. आप्पा तापले की अहिराणीत उतरतात. "हाई काय शे?" ते ओरडले. "चोर येस आनी सांगस, पहिले कुत्रा बांधी ठेव!" गेमची मूळ फाइल गुंडाळलेली होती आणि तिला पासवर्ड होता. पासवर्ड लावलेल्या गाठोड्यात अँटीव्हायरसला डोकावता येत नाही, आणि म्हणूनच रोग पाठवणारे गाठोडं पासवर्ड लावून पाठवतात, हे आप्पांना ठाऊक होतं. नातवाला ठाऊक नव्हतं. तो रडवेला झाला होता.

इथे आप्पांची बाजू घेतली पाहिजे. त्यांची भीती हवेतली नव्हती. २०२१ च्या जूनमध्ये अवास्ट कंपनीनं क्रॅकोनॉश नावाचा एक प्रकार उघड केला होता. फुकट वाटलेल्या मोठमोठ्या गेममध्ये लपून तो दोन लाख बावीस हजारांहून अधिक कॉम्प्युटरांत शिरला होता. तो आत शिरून आधी अँटीव्हायरस मोडीत काढायचा आणि मग त्या कॉम्प्युटरकडून गुपचूप आभासी चलन कमवून घ्यायचा. पोरगं गेम खेळतंय, वीजबिल बाप भरतोय, आणि पैसा तिसऱ्याच्याच खिशात. हे सगळं आप्पांनी एका वहीत उतरवून ठेवलेलं आहे, समासासह.

तपासणी सुरू झाली. अँटीव्हायरस आप्पांकडे रीतसर विकत घेतलेलाच असतो. दर वर्षीचं रिकामं खोकं माळ्यावर जपून ठेवलेलं आहे. क्विक हील हा त्यांच्या अभिमानाचा विषय. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे काटकर बंधू, त्यातले थोरले पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्यानं नव्वदच्या दशकात अँटीव्हायरस लिहिला. "आपल्या माणसानं केलेलं औषध," असं आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, जसं काही ते स्वतः शेजारी पाना धरून उभे होते. तर त्या आपल्या माणसाच्या औषधानं गेम तपासला आणि निर्वाळा दिला : काही सापडलं नाही.

दुसरा कुणी इथे थांबला असता. आप्पांच्या चेहऱ्यावर मात्र निराशा पसरली.

मग त्यांना व्हायरसटोटल सापडलं. स्पेनमध्ये २००४ साली सुरू झालेली आणि पुढे गूगलनं घेतलेली ही सोय. फाइल द्या, सत्तरेक अँटीव्हायरस तिला एकाच वेळी तपासतात आणि आपापला निकाल शेजारी शेजारी लावतात. आप्पांसाठी हे म्हणजे साक्षात भोपाळ घरात आलं. त्यांनी सेटअपची फाइल चढवली आणि खुर्ची पुढे ओढून बसले. हिरव्या खुणा एकेक करून उमटत गेल्या. काही नाही, काही नाही, काही नाही. आणि मग खाली कुठेतरी दोन लाल.

"दोन," आप्पा म्हणाले. असं समाधान मी त्यांच्या तोंडावर नातवाच्या बारशालाच पाहिलं होतं.

मार्केटमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानातला पोरगा समजूतदार आहे. त्यानं नीट समजावलं. फुकटच्या गेममध्ये मूळ प्रोग्रॅमचा तुकडा बदललेला असतो, सीडी आहे की नाही हे विचारणारा भाग कापलेला असतो. अशी कापाकापी दिसली की काही अँटीव्हायरस नुसत्या संशयावरून लाल खूण करतात. रोगाचं नाव बघा आप्पा, 'जेनेरिक' लिहिलंय, म्हणजे त्यांनाही नक्की माहीत नाही. बाकी अडुसष्ट जण चांगलं म्हणतायत ना?

आप्पांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाळा, तू २००६ ला किती वर्षांचा होतास?"

त्याच संध्याकाळी घर बाधित क्षेत्र जाहीर झालं. नेटचा राउटर बंद. नातवाचा पेनड्राइव्ह काचेच्या बरणीत. काकूंच्या मोबाईलला कॉम्प्युटरच्या खोलीत बंदी. शेजारी म्हणून आमचं घर निगराणी क्षेत्रात आलं, आणि माझ्या लॅपटॉपची रोज संध्याकाळी विचारपूस होऊ लागली. व्हॉट्सॲपवर कुणी काहीही पाठवलं तर उघडायचं नाही, असा हुकूम निघाला. त्यातही त्यांचं पूर्ण चुकलं असं नाही. लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल पाठवायची, ती फोनवर बसली की ओटीपी पळवायचे आणि खातं साफ करायचं, हा धंदा देशभर चाललाय. पण त्या हुकमापायी आप्पांच्या सख्ख्या चुलतभावाच्या मुलीची खरीखुरी पत्रिका, नुसती पीडीएफ, न उघडता पडून राहिली. लग्न तळोद्याला होतं. हळदीच्या दिवशी भावाचा फोन आला तेव्हा आप्पा म्हणाले, "छापलेली पाठव, कुंकू लावून." भाऊ काय म्हणाला ते काकू सांगत नाहीत. लग्नाला त्या एकट्याच गेल्या आणि तिथे चार दिवस राहिल्या.

त्या नसताना आप्पांना तोड सुचली. रोग येऊन गेलेलं शेड धुऊन झालं की त्यात एकदम सगळे पक्षी सोडत नाहीत. आधी थोडे पक्षी सोडतात, त्यांच्यावर लक्ष ठेवतात, ते जगले तर शेड चालू. तसा एक पक्षी पाहिजे. दुकानातल्या पोरानं भंगारात काढलेला एक जुना कॉम्प्युटर आप्पांनी आणला, तो पडवीत बसवला, नेट नाही, पेनड्राइव्ह नाही, वेगळा एक्स्टेंशन बोर्ड. त्यात गेम टाकला. आणि लक्षणं दिसायची तर पक्ष्यानं हिंडलं-फिरलं पाहिजे, या शास्त्रीय कारणास्तव नातवाला रोज दोन तास गेम खेळण्याचं काम देण्यात आलं.

पोराच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पण तो फार दिवस टिकला नाही. शेजारी आप्पा रजिस्टर घेऊन बसायचे. नातू गाडी पळवायचा, आप्पा लिहायचे : "४ वाजून १० मि. हालचाल सामान्य." पोलीस मागे लागायचे, आप्पा लिहायचे : "४ वाजून २५ मि. पडदा किंचित अडखळला. गाडी थांबवून खात्री करावी." नातवाला पोलिसांच्या ऐन गराड्यात गाडी थांबवावी लागायची. मेल्यावर कसं वाटतंय, म्हणजे कॉम्प्युटर हळू झाला का, तेही सांगावं लागायचं.

जानेवारीत एक दिवस पंख्याचा आवाज वाढला. क्रॅकोनॉशचं वर्णन आप्पांना तोंडपाठ होतं : मशीन तापतं, पंखा गरगर फिरतो. रजिस्टरमध्ये लाल शाईनं नोंद झाली. आप्पांनी मीटरचं रीडिंग घेतलं. "कुणीतरी आपल्या लाइटवर पैसा पिकवी राहिलाय," असं त्यांनी मला गेटवरूनच ओरडून सांगितलं. नेटच नाही तर पैसा जाईल कुठून, असं मी विचारलं. ते त्यांना पटलं नाही. दुकानातला पोरगा आला, त्यानं कॅबिनेटचं झाकण उघडलं, आणि पडवीत उभे असलेले आम्ही सगळे एकदम शिंकायला लागलो. आतला पंखा, जाळी, सगळं तांबडं. पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत होती, वारा इकडचा होता, आणि मशीन महिनाभर नंदुरबारची मिरची ओढत बसलं होतं. पोरानं ब्रशनं ते झटकलं, पंखा गप्प झाला. आप्पांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, "पंख्याचा आवाज : कारण स्थानिक." आणि खाली कंसात, "इतर कारण नाकारता येत नाही."

नातू कंटाळून क्रिकेटला जायला लागला. निरीक्षणात खंड पडू देणं नियमात बसत नव्हतं, म्हणून आप्पा स्वतः खेळायला बसले.

मी पाहिलेल्या माणसांत व्हाइस सिटी असा खेळणारा दुसरा कुणी नाही. ते शहर गुन्हेगारांसाठी बांधलेलं आहे. गाड्या चोरायच्या, माणसं उडवायची, पळून जायचं. आप्पा डाव्या बाजूनं गाडी चालवायला गेले, समोरून सगळे अंगावर आले, तेव्हा त्यांना कळलं की तिथे उजवीकडून चालवतात. मग ते उजवीकडून चालवू लागले, सावकाश, लाल दिव्याला थांबत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या, आप्पा पडद्याला हात दाखवून म्हणायचे, "थांब रे." फिरता फिरता त्यांना रुग्णवाहिका सापडली. त्या गेममध्ये रुग्णवाहिकेत बसून एक कळ दाबली की रस्त्यावरचे आजारी गोळा करून दवाखान्यात पोचवण्याचं काम मिळतं, आणि त्याचे पैसेही मिळतात. आप्पांचा चेहरा उजळला. चाळीस वर्षं ज्या कामाला कधी वेळेवर गाडी मिळाली नाही, ते काम, भरल्या टाकीची गाडी, वर सायरन. पहिल्या फेरीत एक रुग्ण, दुसरीत दोन, असं वाढत जातं. अशा बारा फेऱ्या. आप्पा रोज दुपारी ड्यूटीवर जाऊ लागले. एकदा काकू बाहेरून आल्या तेव्हा जेवण झाकून ठेवलेलं आणि आप्पा समुद्रकिनाऱ्यावरून एका बेशुद्ध माणसाला आणत होते.

मधल्या काळात त्यांनी त्या दोन लाल खुणावाल्या कंपन्यांना ई-मेल पाठवला होता. नमुना तपासून खुलासा करतात अशी सोय या कंपन्यांकडे असते. आप्पांचं पत्र मी वाचलंय. विषय : संशयित नमुना तपासणीकामी पाठवणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की. पुढे इंग्रजीत तेच. एका कंपनीचं उत्तर आलं : पुन्हा तपासलं, दोष नाही, खूण काढून टाकली आहे. मला वाटलं, झालं, सुटलो.

"आता एकच राहिली आप्पा."

"भोपाळही एकच होतं," आप्पा म्हणाले.

शेवटी मी म्हटलं, हा सगळा ताप चोरीच्या मालाचा आहे. थोडे पैसे टाका, खरा गेम रीतसर विकत घ्या, पावती मिळेल, पोरगं मोकळं होईल. आप्पा शांतपणे माझ्याकडे वळले. "नवापूरला मेल्या त्या काय चोरीच्या होत्या? सगळ्या पावतीच्या कोंबड्या होत्या, भाऊ." आणि त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. २०२५ चा फेब्रुवारी. स्टीम हे जगातलं कॉम्प्युटर गेमचं मोठं अधिकृत दुकान. तिथे पायरेटफाय नावाचा एक गेम राजरोस ठेवला होता आणि त्यातून पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम लोकांच्या कॉम्प्युटरांत गेला. दुकानानं गेम काढून टाकला आणि ज्यांनी तो चालवला होता त्यांना विंडोज नव्यानं टाकण्याचा विचार करा असं कळवलं. आप्पांनी 'फेब्रुवारी' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या. नवापूरचा पहिला रोग फेब्रुवारीत, २०२१ ला परत आला तोही फेब्रुवारीत, आणि आता हा. यावर मला उत्तर सुचलं नाही. त्या महिन्यात मी काहीच डाउनलोड केलं नाही, हेही खरं.

परवा नातवानं विचारलं, "आप्पा, माझा गेम आतल्या कॉम्प्युटरवर कधी टाकायचा?"

"बारावी होऊ दे," आप्पा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

काकू आत पोळ्या लाटत होत्या. त्यांना ते इतकं आवडलं की बाहेर येऊन त्यांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. बघ, आप्पांना तुझ्या अभ्यासाची काळजी आहे. पोरगं नववीत आहे, त्याचा चेहरा पडला. आप्पा रुग्णवाहिकेच्या बाराव्या फेरीबद्दल बोलत होते, हे मी काही सांगितलं नाही. तसं ते लवकर व्हायचं लक्षणही दिसत नाही. अकराव्या फेरीत अकरा रुग्ण आणायचे असतात, गाडीत एका वेळी तिघंच मावतात, वेळ मोजकी असते, आणि आप्पा प्रत्येक लाल दिव्याला थांबतात.